स्क्वॉट-प्रूफ म्हणून विकलेल्या लेगिंगबद्दल तक्रार

प्रति,
कस्टमर केअर मॅनेजर, साहेब किंवा मॅडम जे कोण असाल ते

विषय: मोरपंखी लेगिंग आणि टॉपचा सेट, किंमत २,४९८ रुपये, पैसे परत मिळणे आणि वेबसाइटवरची माहिती दुरुस्त करणे याबद्दल

नमस्कार,

मी बेळगावहून लिहायलेय. वडगावात माझं ब्लाऊज आणि पंजाबी ड्रेस शिवायचं दुकान आहे, मशीनवर बसून बावीस वर्षं झाली. हे आधीच सांगते कारण तुमच्या चॅटवर जे कोण होते त्यांनी मला लिहिलं की "मॅडम, कापडाबद्दल तुमचा गैरसमज झालाय". वडगाव-शहापूर म्हणजे मागवाल्यांची वस्ती ओ, इथं पोरंसोरं मागाच्या आवाजात झोपतात, मला कापड कळत नाही असं तेवढं म्हणू नका.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तुमच्याकडनं सेट मागवला. लेगिंग १,४९९ आणि टॉप ९९९. माझ्यासारखीला ही रक्कम म्हणजे बऱ्याच ब्लाऊजांची शिलाई, विचार करूनच घेतला. गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की शुगर बॉर्डरवर आहे, रोज पाऊण तास तरी चाला. दिवसभर मशीनवर बसून पाठ धरायची, गुडघे कुरकुरायचे, म्हणून मी पण मनावर घेतलं आणि स्कूटी काढून सकाळी टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या ग्राउंडवर जायला लागले. झाडं आहेत, हवा छान, पहाटेपासून चालणाऱ्यांची गर्दी असते. पण माझं काय व्हायचं, आठवड्यातनं तीन दिवस दांडी. पंजाबी ड्रेसवर जायची मी, एक हात ओढणी सावरण्यातच जायचा, त्यात आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत नसेल, सलवार घोट्यापासून गुडघ्यापर्यंत भिजून पायाला चिकटायची, आणि कॉटन घाम आणि पाणी दोन्ही पिऊन बसतं, जड होतं, घरी आणून दोरीवर टाकलं तर दोन दिवस वाळत नाही. मग सकाळी उठलं की पहिला विचार चालायचा नाही, आज घालू काय हाच, आणि तिथंच अर्धा उत्साह जायचा.

तुमचा सेट आला त्या दिवसापासून खरंच फरक पडला, हे मी प्रामाणिकपणे लिहायलेय. रात्रीच सेट घडी घालून पलंगाजवळच्या खुर्चीवर ठेवायची. सव्वापाचला जाग आली की समोर तो मोरपंखी रंग दिसायचा आणि एकदा अंगात घातला की परत अंथरुणात शिरणं व्हायचंच नाही, आता घातलंय तर चला. ज्या चकरेला मला अकरा मिनिटं लागायची ती दुसऱ्या आठवड्यात साडेनऊवर आली. दोन्ही हात मोकळे, पायात कापड घोळत नाही, घाम आला तर कापडावर पसरून लगेच उडतो आणि अंग थंड राहतं, धुतलं की पावसाळ्यात पण पंख्याखाली रात्रीत वाळतं. मी सलग सोळा दिवस गेले, एक दिवस सुद्धा चुकवला नाही, आणि तेवढ्या धीरावर मी आमच्या भागातल्या एका हॉलमध्ये बायकांची व्यायामाची बॅच असते तिथं पण नाव घातलं. त्रेचाळिसाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा.

माझी आई शेतात रोप लावायला जाताना काष्टा घट्ट मारायची, मग दिवसभर वाकून थकायची नाही असं म्हणायची. वडील तालमीत जायचे, लंगोट कसल्याशिवाय मातीला पाय लावायचे नाहीत. आपण बोलतो पण तसंच, पदर खोचला, कंबर कसली. कपडा नीट बसला की माणूस कामाला तयार होतो हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, म्हणूनच तुमची जाहिरात मला पटली होती.

आता ९ जुलैला काय झालं ते.

त्या दिवशी बॅचमध्ये पहिल्यांदा स्क्वॉट घेतले. तुमच्या वेबसाइटवर याच लेगिंगखाली मोठ्या अक्षरात "स्क्वॉट-प्रूफ" असं लिहिलंय, म्हणजे उठाबशा काढल्या तरी कापडातनं आतलं दिसणार नाही, म्हणून मी अगदी निवांत होते. चौथ्या-पाचव्या बैठकीला मागच्या रांगेतली माझी एक मैत्रीण, ती कानडी बोलणारी, मला अक्का म्हणते, ती पुढं आली आणि कानात म्हणाली की अक्का, जरा भिंतीकडं पाठ करून उभ्या रहा. मला आधी कळेचना. मग तिनंच तिची ओढणी काढून माझ्या कमरेला बांधली. आतला कपडा त्याच्या रंगासकट सगळा दिसत होता. हॉलमध्ये बायकाच होत्या, कुणी काही बोललं नाही, कुणी हसलं पण नाही, तरी माझे कान तापले, आणि पुढचा अर्धा तास मी व्यायाम केला नाही, नुसती ओढणी मागं ओढत उभी राहिले. आणि हाच सेट घालून मी तीन आठवडे ग्राउंडवर वाकून बुटाची लेस बांधत होते हे घरी येताना आठवलं. त्याचं मला किती वाईट वाटलं ते इथं लिहून कळायचं नाही.

त्यानंतर अकरा दिवस मी ना ग्राउंडवर गेले ना बॅचला. शुगरची गोळी नको म्हणून चाललेली सगळी धडपड, ती अकरा दिवस बंद. हे नुकसान तुमच्या बिलात कुठं दिसत नाही.

१० जुलैला तुमच्या ॲपवर तक्रार टाकली. उत्तर यायला नऊ दिवस लागले. उत्तरात दोन गोष्टी. एक, माल वापरलेला आणि धुतलेला आहे, सात दिवस उलटलेत, म्हणून परत घेता येणार नाही. आता मला सांगा, न वापरता, घामाला न लावता, खाली न बसता लेगिंग स्क्वॉटला टिकते का ते गिऱ्हाइकाला कळणार कसं? दुसरी गोष्ट मला जास्त लागली. "व्यायामातलं सातत्य ही ग्राहकाची वैयक्तिक बाब आहे, त्याचा कपड्याशी संबंध नाही." अहो, मग जाहिरातीत "घाला आणि जोश अनुभवा" कशाला लिहिलंय? विकताना संबंध आहे आणि तक्रार आली की संबंध नाही, असं कसं चालेल?

तुम्ही रिफंड नाही म्हणालात त्यानंतरच मी कापड तपासलं. रात्री दुकान बंद करून लेगिंगचा मागचा भाग एम्ब्रॉयडरीच्या रिंगमध्ये, बसल्यावर ताणेल तितका ताणून बसवला, खाली त्या दिवशीचा तरुण भारत ठेवला आणि वरचा बल्ब लावला. मथळे तर सोडाच, आतल्या छोट्या जाहिरातीचे शब्द पण मला कापडातनं वाचता आले. फोटो जोडलाय, बघा की. मग उलटं करून बघितलं तर आतून कापड पांढरंच. म्हणजे हे मोरपंखी रंगात बुडवून रंगवलेलं कापडच नाही, पांढऱ्या पॉलिस्टरवर वरनं छापलेलं आहे. असं कापड ताणलं की छाप फाकते आणि मधनं पांढरा धागा उघडा पडतो, म्हणून उभं असताना काही दिसत नाही आणि वाकलं की दिसतं.

मग वजन. तुम्ही लिहिलंय २४० जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन २४० ग्रॅम. मी मागच्या बाजूनं बरोबर दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा कापला आणि शेजारच्या सराफाकडं सोन्याच्या काट्यावर टाकला. १.६ ग्रॅम. शंभरनं गुणा, १६० जीएसएम. एक तृतीयांश कापड कमी आहे ओ तुमचं! सराफांनी दोनदा टाकून बघितलं, काट्याचा फोटो पण जोडलाय. कापलेला तुकडा आणि राहिलेली लेगिंग दोन्ही जपून ठेवलेत.

शिलाईबद्दल तर मी गप्प बसूच शकत नाही. वेबसाइटवर "फ्लॅटलॉक" लिहिलंय, म्हणजे दोन्ही काठ एकावर एक सपाट बसवून शिवलेले, जे त्वचेला लागत नाहीत. आला तो माल साध्या तीन दोऱ्यांच्या ओव्हरलॉकचा, आतनं उभी कडा. ती कडा मांडीच्या आतल्या बाजूला घासून मला जाड लाल चट्टा उठला, चालून आले की खोबरेल तेल लावून बसायची, मला वाटायचं माझं वजन जास्त म्हणून होतंय. नाही, तुमची शिलाई चुकीची म्हणून होत होतं. आसनाला जो वेगळा चौकोनी तुकडा जोडायचा असतो, ज्यानं बसता-उठता ताण वाटला जातो, तो पण नाही, चारी शिवणी एकाच जागी येऊन मिळाल्यात आणि तिथले टाके सुटायला लागलेत. आणि एक, डबल एक्सएलसाठी तुम्ही वेगळं काही केलेलं नाही, स्मॉलचाच माप-कागद मोठा करून तेच पातळ कापड लावलंय. साइझ चार्टमध्ये नुसती कंबर, मांडीचं माप कुठंच नाही. ज्या बाईला व्यायामाची सगळ्यात जास्त गरज, जी सगळ्यात जास्त घाबरत घराबाहेर पडते, तिच्याच अंगावर हे कापड सगळ्यात जास्त ताणणार, एवढं शिवणाऱ्याला कळायला नको?

कपड्याचा आणि व्यायामाचा संबंध नाही असं जे लिहिलंत ते मी मुलीला वाचून दाखवलं, ती कॉलेजात आहे, तिनं मला बऱ्याच गोष्टी काढून दिल्या. २०१२ साली अमेरिकेतल्या ॲडम आणि गॅलिन्स्की या दोघांनी एक प्रयोग छापला, एकच पांढरा कोट काहींना डॉक्टरचा म्हणून घालायला दिला आणि काहींना पेंटरचा म्हणून, तर डॉक्टरचा समजून घातला त्यांचं लक्ष जास्त चांगलं लागलं. २०१९ मध्ये दुसऱ्यांनी त्यातला एक प्रयोग जास्त लोकांवर परत केला तर तसा फरक आला नाही, हे पण तिनं सांगितलं, म्हणून मी त्या कोटावर जोर देत नाही. पण पोहण्याचं बघा. २००९ च्या रोमच्या जागतिक स्पर्धेत ते पॉलियुरेथेनचे गुळगुळीत अंगभर सूट घालून ४३ विश्वविक्रम झाले आणि २०१० च्या १ जानेवारीपासून त्या सूटवर बंदीच आली. कपड्यानं काही होत नसतं तर बंदी कशाला घातली असती? आणि मला सगळ्यात आवडली ती १९७७ ची गोष्ट. अमेरिकेत लिसा लिंडाल नावाच्या बाईला पळताना त्रास व्हायचा, तिच्या ओळखीची पॉली स्मिथ नाटकाचे कपडे शिवायची, तिनं पुरुषांचे दोन सपोर्टर, म्हणजे खेळताना घालायचे लंगोटासारखे कपडे, एकमेकांना जोडून बायकांसाठी पहिली स्पोर्ट्स ब्रा शिवली. एका शिवणारीनं नीट विचार करून टाके घातले म्हणून पुढं कितीतरी बायका पळायला लागल्या. तुमच्याकडं तर कारखाना आहे.

अंगावरचा कपडा नीट असला की तो आठवतच नाही, सगळं लक्ष श्वासात आणि पायात राहतं. नीट नसला की दर बैठकीला मन मागं जातं, दिसतंय का, वर सरकलंय का, कोण बघतंय का, मग गुडघा पूर्ण वाकत नाही, चाल कमी होते, आणि दुसऱ्या दिवशी उठावंसंच वाटत नाही. हे माझ्याबाबतीत तीन आठवड्यांत दोन्ही बाजूंनी झालं, कपडा तोच.

तर माझं मागणं असं. २,४९८ रुपये पूर्ण परत पाहिजेत, कूपन किंवा पॉइंट नकोत, कारण टॉप मी सेट म्हणूनच घेतला होता. त्या लेगिंगखालचे "स्क्वॉट-प्रूफ", "फ्लॅटलॉक" आणि "२४० जीएसएम" हे तिन्ही शब्द काढा नाहीतर तसा माल द्या, आणि साइझ चार्टमध्ये मांडीचं माप घाला. या रंगाची लेगिंग आणखी ज्यांनी घेतलीय त्या बायकांना तुम्ही स्वतःहून कळवा, त्यांना पण माझ्यासारखंच भर हॉलमध्ये कळू नये. हे मी पैशाइतक्याच तळमळीनं मागायलेय.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. तुमची पोचच नवव्या दिवशी आली आणि महिना तर कधीच उलटून गेला. या पत्रानंतर पंधरा दिवस वाट बघते, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवते आणि बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देते, पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिथं फी पण लागत नाही. धमकी म्हणून लिहीत नाही, खरंच जाणार आहे. बिल, चॅट, सगळे फोटो तयार आहेत.

उत्तर मराठीत दिलंत तर बरं होईल, कानडी पण चालेल, वाचता येतं. नुसतं ते इंग्रजीतलं छापील उत्तर पाठवू नका.

आपली ग्राहक,
वडगाव, बेळगाव

ता.क. टॉप आणि लेगिंग न्यायला माणूस पाठवणार असाल तर सकाळी साडेसातनंतर पाठवा. खडेबाजारातनं काळं जाड इंटरलॉकचं कापड आणून मी माझी मीच पँट शिवलीय, आसनाला तुकडा लावून, दोन उठाबशा काढून मुलीला मागून बघायला लावलं आणि मगच घातली. साडेसातच्या आधी मी ग्राउंडवर असते.