सकाळच्या फिरण्याच्या वेळेत बदल : सर्व ज्येष्ठ सभासदांसाठी

सप्रेम नमस्कार.

सोमवारपासून मेहरूण तलावावरचं आपलं फिरणं पहाटे साडेपाचऐवजी सकाळी साडेआठला सुरू होईल. थंडी संपेपर्यंत हीच वेळ राहील.

कारण नीट वाचा. थंडीत गार हवा जमिनीलगत बसून राहते. महामार्गावरच्या ट्रकांचा धूर, पेटवलेला कचरा, शेतात जाळलेली पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) हे सगळं पहाटे त्या थरातच अडकतं. ऊन तापलं की हवा वर उठते आणि धूर पांगतो. यातले ‘पीएम २.५’ नावाचे अतिसूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढे असतात. ते फुप्फुसातून रक्तात उतरतात, रक्तवाहिन्यांना सूज आणतात आणि त्याचा त्रास मेंदूलाही होतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२० साली हवेचं प्रदूषण स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत धरलं. म्हणजे धुराने फक्त खोकला होतो, हा समज आता सोडायला हवा.

फिरणं मात्र बंद करू नका, चालणं मेंदूला हवंच आहे. निघण्याआधी नातवंडांकडून मोबाइलवर ‘समीर’ ॲपमधला हवेचा निर्देशांक बघून घ्या. २०० च्या वर असेल तर घरातच चाला. रस्त्यावर जाणं भागच असेल तर एन-९५ मास्क लावा. रुमालाने हे कण अडत नाहीत. खेड्यावरच्या सभासदांनी चुलीजवळची खिडकी उघडी ठेवावी आणि पऱ्हाटी न जाळता कुट्टी करून खतात घालावी.

कोणी नेहमीची वाट चुकत असेल, तेच तेच विचारत असेल, तर ‘वयच झालं’ म्हणून सोडू नका. डॉक्टरांना दाखवा. सोबत कोणी नसेल तर आम्हाला कळवा, आपल्यातलं कोणीतरी बरोबर येईल.

आपला,
सचिव