आधी तक्ता तपासा, मग उमेदवार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाला संशोधनप्रमुख मिळेना, ही कालच्या अंकातली बातमी वाचली. दुसऱ्यांदा जाहिरात, दुसऱ्यांदा मुलाखती आणि शेरा पुन्हा तोच, 'एकही योग्य उमेदवार आढळला नाही'. तुमच्या प्रतिनिधीने कुलसचिवांना विचारले, प्राध्यापक संघटनेला विचारले, एका माजी कुलगुरूंना तरुण पिढीच्या उदासीनतेवर दोन परिच्छेद बोलू दिले. जाहिरात मात्र कोणी उघडलेली दिसत नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ती आहे आणि वाचायला दहा मिनिटे पुरतात.

जाहिरातीत एमबीबीएस, एमडी (पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) आणि शिवाय पीएचडी मागितली आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकपदासाठी पीएचडी, दहा वर्षांचा अध्यापनाचा वा संशोधनाचा अनुभव, पीएचडीच्या विद्यार्थ्याला यशस्वी मार्गदर्शन, किमान दहा शोधनिबंध आणि १२० संशोधन गुण लागतात. एमबीबीएसची अट विद्यापीठाने पदरची घातली आहे. वैद्यकीय महाविद्यालयात एमडीवर प्राध्यापक होता येते, त्यामुळे पीएसएमवाले सहसा पीएचडीच्या वाटेला जात नाहीत. जे साथरोगशास्त्रात, जैवसंख्याशास्त्रात किंवा आरोग्य अर्थशास्त्रात पीएचडी करतात, त्यांतले बरेचसे एमबीबीएस नसतात. दोन्ही असलेली मोजकी मंडळी आधीच कुठेतरी संचालक आहेत. ती साठीला निवृत्त करणाऱ्या आणि एनपीए (खासगी प्रॅक्टिस न करण्याचा भत्ता) न देणाऱ्या विद्यापीठात कशाला येतील?

पण खरी गंमत छाननीत आहे. अपात्र अर्जांची यादी कारणांसह प्रसिद्ध झाली आहे. त्यात एका अर्जापुढे लिहिले आहे: 'एकाही शोधनिबंधात उमेदवार प्रथम/करस्पाँडिंग ऑथर नाही. ग्राह्य संशोधन गुण ९८.५.' करस्पाँडिंग ऑथर म्हणजे नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणारा लेखक. पण हा साडेअठ्ठ्याण्णवचा आकडा कसा आला ते वाचकांना कळायला हवे, म्हणून थोडा हिशेब मांडतो.

नियमावलीच्या परिशिष्ट २ मधल्या दुसऱ्या तक्त्यात विज्ञान-वैद्यक शाखांच्या शोधनिबंधाला ८ गुण आहेत. त्यावर नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे (त्यातल्या निबंधांचा इतरत्र सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो त्याचा आकडा) वाढ मिळते: फॅक्टरच नसेल तर ५, एकच्या आत १०, एक ते दोन १५, दोन ते पाच २०, पाच ते दहा २५, दहाच्या वर ३०. लेखक दोनपेक्षा जास्त असले की पहिल्या किंवा करस्पाँडिंग लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के.

आता या उमेदवाराचे बारा निबंध घ्या, सगळे दोन ते पाच फॅक्टरचे आणि सगळ्यांत नाव शेवटी. आमच्या क्षेत्रात शेवटचे नाव गट उभा करणाऱ्याचे असते. तो विद्यार्थ्याला पहिला लेखक करतो, हाताखालच्या संशोधकाला पत्रव्यवहार देतो आणि स्वतः मागे उभा राहतो. २८ गुणांचे ३० टक्के म्हणजे ८.४, बारा निबंधांचे १००.८. एक पीएचडी पूर्ण करवली त्याचे १०, दहा लाखांवरचा एक प्रकल्प संपवला त्याचे १०, दुसऱ्या संस्थेबरोबर चालू असलेल्या प्रकल्पाच्या ५ गुणांतले निम्मे २.५ आणि राज्य सरकारला दिलेल्या धोरणपत्राचे ४. एकूण १२७.३, म्हणजे पात्र.

मग ९८.५ कुठून आले? समितीने फॅक्टरचे २० गुण मूळ ८ मध्ये मिळवलेच नाहीत, ते ८ च्या जागी धरले. निबंधाला ६ गुण, बारांचे ७२, बाकीचे साडेसव्वीस. नियमातले वाक्य संदिग्ध आहे आणि प्रत्येक विद्यापीठ आपापल्या सोयीने ते लावते. एका ठिकाणी मुलाखतीला बोलावलेला माणूस दुसऱ्या ठिकाणी त्याच कागदांवर बाद होतो. मुलाखतीआधी याचा खुलासा जाहीर करायला एक परिपत्रक पुरले असते.

बरे, फॅक्टरचे गुण मूळ ८ मध्ये मिळवण्याची पद्धत धरली तरी तक्ता काय शिकवतो पाहा. फॅक्टर नसलेल्या नियतकालिकात एकट्याने लिहिलेल्या निबंधाला १३ गुण. 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात पाच जणांनी मिळून लिहिलेल्या निबंधातल्या दुसऱ्या लेखकाला ३८ च्या ३० टक्के, म्हणजे ११.४. गडचिरोलीत ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेऊन आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना करून १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ला जे छापून आले, त्यात डॉ. राणी बंग दुसऱ्या लेखिका आहेत. देशभरातल्या आशाताई आज बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात, त्याचे मूळ त्या कामात आहे. आमच्या तक्त्यात ते घरी बसून लिहिलेल्या निबंधाच्या खाली येते. आता बोला.

पैशाचेही तसेच. दहा लाख एक रुपयाचा प्रकल्प आणि पाच कोटींचा प्रकल्प, दोन्ही चालू असताना ५ गुण. भारतातच भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत एक निमंत्रित व्याख्यान दिले तरी ५ गुण! पुणे जिल्ह्यातल्या वढू बुद्रुकसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षे प्रत्येक घराची जन्म, मृत्यू, स्थलांतराची नोंद ठेवणारी यंत्रणा चालवायची म्हणजे काय असते, हे तक्ता करणाऱ्यांनी एकदा तिथल्या पर्यवेक्षकाबरोबर फिरून पाहावे. त्या नोंदींना तक्त्यात रकानाच नाही. यूजीसीच्या नव्या नियमावलीच्या जानेवारी २०२५ च्या मसुद्यात हा गुणांचा जाच काढून टाकला होता, पण त्या मसुद्याची चर्चा कुलगुरू कोणी निवडायचे यापलीकडे गेलीच नाही. तुमच्या अग्रलेखांतसुद्धा नाही, क्षमस्व.

समजा, सापडला कोणी. त्याला देणार काय? जाहिरातीत लेव्हल १४ चे मूळ वेतन १,४४,२०० दिले आहे, ते ठीकच आहे. पण आठवड्याला १४ तास वर्गात शिकवायचे, प्रशासन सांभाळले तर फार तर दोन तासांची सूट. संशोधनासाठी मंजूर पदे: शून्य. संख्याशास्त्रज्ञ नाही, डेटा मॅनेजर नाही, संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या आचारसमितीला पूर्णवेळ सचिव नाही. क्षेत्रीय कर्मचारी ११ महिन्यांच्या करारावर, म्हणजे कुटुंबे ओळखू लागलेली मुलगी बाराव्या महिन्यात घरी आणि नव्या माणसाला दारातूनच परत पाठवले जाते. पाठपुरावा तिथेच तुटतो, आणि मग परीक्षक विचारतात की वीस टक्के सहभागी गळाले कसे. सर्वेक्षणाला टॅब हवेत तर सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून, तेही खरेदी समिती बसली तर.

त्यात परवानग्या. आधी आचारसमिती, परदेशी निधी किंवा सहयोग असेल तर आरोग्य मंत्रालयाची छाननी समिती, उपचाराची चाचणी असेल तर पहिला सहभागी घेण्यापूर्वी सीटीआरआयवर (चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी. एफसीआरएच्या (परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या) २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेतलेली संस्था तो गावातल्या भागीदार संस्थेकडे वळवू शकत नाही, त्यामुळे सगळी माणसे स्वतःच्या पटावर घ्यावी लागतात. एवढे उरकून पहिले सर्वेक्षण सुरू व्हायला दीड-दोन वर्षे सहज जातात. आणि वार्षिक मूल्यमापनात पहिल्याच मार्चला प्रश्न येतो, यंदा किती पेपर?

माणूस हवा असेल तर जाहिरातीतली एमबीबीएसची अट काढा, शेवटच्या लेखकाला करस्पाँडिंगच्या बरोबरीने धरण्याचा ठराव विद्या परिषदेत करून यूजीसीकडे पाठवा, आणि नेमणूकपत्रासोबतच तीन वर्षांचा प्रारंभिक निधी व चार पदे लेखी द्या: संख्याशास्त्रज्ञ, डेटा मॅनेजर आणि दोन क्षेत्रीय पर्यवेक्षक. मुलाखतीत वीस मिनिटांत 'आमच्या विद्यापीठाबद्दल काय माहिती आहे' विचारण्यापेक्षा उमेदवाराला पाच वर्षांचा आराखडा मांडायला एक दिवस द्या आणि त्याच्या जुन्या सहकाऱ्यांना फोन करा. जाहिरात तिसऱ्यांदा याच मजकुराने निघाली, तर बातमीही तुम्हाला तारीख बदलून छापता येईल.

जाता जाता आणखी एक. सार्वजनिक आरोग्याच्या प्रत्येक बातमीला तुम्ही गळ्यात स्टेथोस्कोप घातलेल्या, हाताची घडी घालून हसणाऱ्या गोऱ्या डॉक्टरचे छायाचित्र लावता. कालही तेच होते. पाणी तपासणारा आरोग्य सेवक, डासअळ्या शोधत हौदात टॉर्च मारणारी बाई, गोवराच्या यादीतून घर शोधणारी आशा, यांपैकी कोणाचेही चालेल. छायाचित्रकार नसेल तर जागा मोकळी सोडा, पत्रांना तरी ती मिळेल. मागच्या पत्रातले माझे सगळे आकडे जागेअभावी गाळले होते.

(नाव छापू नये, ही विनंती.)
— एक साथरोगशास्त्रज्ञ, पुणे