कपाटाखालची पत्रिका

बंगळूर, १२ नोव्हेंबर

ती. आई-बाबांना,
सा. न.

दिवाळीत तुमच्या खोलीत झोपले होते ना, तेव्हापासून ते लोखंडी कपाट डोक्यातून जात नाहीये. रात्री पांघरूण काढायला दोन्ही दारं उघडली, तर अख्खं धूड पुढे झुकलं. वाकून बघितलं, तर पुढच्या एका पायाखाली माझ्या लग्नाची पत्रिका, चार घड्या घालून. वर दोन बॅगा, पाट आणि आजीचं तांब्याचं घंगाळ. आणि हे सगळं बाबांच्या उशीपासून दीड हातावर.

बाबा म्हणतील, पुण्यात कसला आलाय भूकंप. अहो, कोयनानगर तिथून सरळ रेषेत १२५ किलोमीटरच्या आसपास. आई, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट तूच सांगतेस ना, कराडच्या घरी फडताळातली पितळी भांडी धडाधड खाली आली आणि आजोबांनी तुला उचलून अंगणात नेलं? तेव्हा ४ वाजून २१ मिनिटं झाली होती. किल्लारीचा, ३० सप्टेंबर १९९३ चा, तोही पहाटे चारच्या सुमाराचा. दोन्ही वेळा माणसं अंथरुणात. किल्लारीत माणसं गेली ती दगडमातीच्या जड भिंतींखाली, कपाटाखाली नव्हे, हे मलाही कळतं. पण आपल्या इमारतीचं सोसायटीच्या सभेत विचारावं, तर विषय पार्किंगवर जाऊन अडकतो. निदान कपाट तरी बघू.

सुताराशी बोलले आहे, रविवारी दहाला येईल. कपाटाच्या माथ्याला मागून दोन एल पट्ट्या नट-बोल्टने, पट्टीची दुसरी बाजू भिंतीत. बाबा, तुम्ही एवढंच बघा की स्क्रू नुसत्या गिलाव्यात बसत नाही ना. ड्रिलमधून राखाडी भुकटी येतेय तोवर गिलावा, लाल यायला लागली की वीट लागली. विटेत प्लग नीट आत गेला पाहिजे. पट्ट्या जाड हव्यात, बोहरी आळीतून आणायला सांगितल्यात. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मागे मी हातानं वाकवल्या होत्या. हॉलमधल्या शोकेसलाही तशाच, आणि टीव्हीला मागून पट्टा.

पलंगावरची आजी-आजोबांची तसबीर समोरच्या भिंतीवर न्यायची. आई, रागावू नकोस, उलट झोपल्या झोपल्या दिसतील.

आणि उंबऱ्यात उभं राहायचं, हे आता कुणी सांगत नाही. अंथरुणात असाल तर तिथेच राहायचं, पालथं होऊन डोक्यावर-मानेवर उशी. बाबांच्या गुडघ्यानं हलत्या जिन्यावर धावायचं तर नावच नको. जेवणाच्या टेबलाखालीही शिरू नका, त्याला वर काच आहे. पलंगाशी बॅटरी आणि चपला ठेवा. फुटलेल्या काचांत अनवाणी पाय पडतो तो हलणं थांबल्यावरच.

मी शनिवारी रात्री पोचते. घंगाळ मी आल्यावर काढू. बाबा, स्टुलावर चढायचं नाही. तोवर उशी पायथ्याकडे घेऊन झोपा.

तुमची,
मनू

ता. क. पत्रिकेच्या जागी सुतार लाकडी चकती लावणार आहे. एक शंका: दादाची पत्रिका अल्बममध्ये आणि माझीच कपाटाखाली का?