आमदारसाहेब, तिजोरीत वाचलेला पैसा माझ्या काउंटरवर येतो

मा. आमदारसाहेब,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागात सिमेंट रस्त्याच्या भूमिपूजनाला तुम्ही आला होता, तेव्हा मी मंडपात तिसऱ्या रांगेत होतो. नारळ फुटला, कुदळ मारून झाली आणि मग तुम्ही रस्ता सोडून तिजोरीवर बोललात. सरकारनं उधळपट्टी थांबवली पाहिजे, म्हणालात. कर भरणारे मूठभर आणि त्यावर जगणारे सगळे, हे फार दिवस चालायचं नाही, म्हणालात. आणि शेवटी, दवाखाने चालवणं हे काही सरकारचं काम नाही. पाच लाखांचं कार्ड दिलंय, माणसानं हवं तिथे जाऊन दाखवून घ्यावं. टाळ्या पडल्या. पहिल्या वाक्याला मीही वाजवल्या. पुढच्या दोन वाक्यांना हात थांबले, ते का, एवढ्यासाठी हे पत्र. तिथेच बोललो असतो, पण तुमच्याभोवती एवढे भाऊ नि दादा होते की माझा आवाज पोचला नसता.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे मागाहून कुणी काढायला नको. शहरातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयासमोर माझं औषधाचं दुकान आहे. आत जे मिळत नाही ते माझ्याकडे मिळतं, हाच माझा व्यवसाय. आतलं कपाट जितकं रिकामं तितका माझा गल्ला भरलेला. सरकारनं दवाखान्यावर खर्च करू नये हे तुमचं म्हणणं खरं तर माझ्या सोयीचंच. हे पत्र लिहून राहिलो हे कळल्यावर बायको म्हणाली, "तुम्हाला काय पडलंय? आपल्याच अन्नात माती कालवून राहिले तुम्ही!" तिचंही बरोबर आहे. मुलीच्या फार्मसी कॉलेजची फी याच गल्ल्यातून जाते.

सकाळी अकराच्या पुढे ओपीडीच्या चिठ्ठ्या यायला लागतात. वॉर्डातल्या चिठ्ठ्यांना मात्र वेळ नसते. परवा एक माणूस आला, मध्य प्रदेशातल्या सौंसरकडचा. बायको आत भरती. चिठ्ठीवर सलाईनचा सेट, इंट्राकॅथ, दोन प्रकारची इंजेक्शनं, ग्लोव्हजच्या चार जोड्या, युरिन बॅग. बेरीज अकराशेच्या वर गेली. त्यानं बनियनच्या खिशातून दुधाची रिकामी पिशवी काढली, नोटा त्यात गुंडाळलेल्या. मोजून झाल्यावर म्हणाला, "दादा, आजच्या दिवसाचंच देऊन द्या. उद्याचं उद्या बघू." मी इंजेक्शनं निम्मी केली. ग्लोव्हज मात्र चारही जोड्या घेतल्या त्यानं, कारण सिस्टरनं बजावून सांगितलं होतं. लक्षात घ्या साहेब, डॉक्टरच्या हातात घालायचे मोजे पेशंटचा नवरा विकत घेऊन राहिला.

आता त्या बिलाकडे पाहू. खाली छापलेलं असतं : सीजीएसटी अडीच टक्के, एसजीएसटी अडीच टक्के. त्यातला एसजीएसटी सरळ राज्याच्या खात्यात जातो. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी बहुतेक औषधांवर हाच कर दोन्ही मिळून १२ टक्के होता. ज्याला तुम्ही करदात्यात धरलं नाही तो माझ्या काउंटरवर उभा राहून, बायको भरती असताना, रोख कर भरतो. आयकर भरणारे मूठभर असतील. पण काडेपेटीपासून सलाईनपर्यंत कर न भरता या देशात एक दिवस काढून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

कर कमी झाला ते चांगलंच झालं, त्याचं श्रेय देतो. पहिले आठ दिवस आमचं डोकं फिरलं, ते निराळं. स्टॉक जुना, पाकिटावर छापील किंमत जुनी, नवीन दरांची यादी कंपनीकडून आलेली. पुन्हा लेबल लावायची सक्ती नव्हती, त्यामुळे पाकिटावर एक आकडा आणि बिलावर दुसरा. एरवी जास्त घेतले म्हणून भांडणारं गिऱ्हाईक, कमी घेतले म्हणून संशयानं बघायचं : औषध जुनं तर नाही ना?

त्याच २२ सप्टेंबरला वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. या गोष्टीचं एक टोक आपल्या नागपुरात आहे. इथल्या एलआयसी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं नितीन गडकरींना निवेदन दिलं, आणि जुलै २०२४ मध्ये त्यांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं की विम्याच्या हप्त्यावर कर लावणं म्हणजे आयुष्याच्या अनिश्चिततेवरच कर लावणं. पुढे वर्षभरानं का होईना, कर गेला. म्हणजे लोकप्रतिनिधीनं पत्र लिहिलं की कधीकधी हलतं. तुम्हालाही पत्रं लिहिता येतात, म्हणून आठवण दिली.

आता कार्डाकडे येतो. कार्ड वाईट आहे असं मी म्हणणार नाही. जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली सुरू झाली, मग ती महात्मा फुले योजना झाली, आयुष्मान भारतशी जोडली गेली, आणि दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर गेली. माझ्या ओळखीच्या एका रिक्षावाल्याची बायपास त्यातच झाली, एक पैसा लागला नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारी माणसं त्यावर जगून आहेत. देशभराचा हिशोब बघितला तर एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. सरकारनं खर्च केला म्हणून आला, हे तुम्हीही मान्य कराल.

पण कार्ड चालतं ते भरती झाल्यावर, आणि तेही यादीतल्या उपचाराला. आरोग्यमित्राच्या खिडकीवर कागद दाखवायचे, मंजुरी यायची, मग पॅकेज उघडतं. ओपीडीत बसलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. शुगरची, बीपीची, फिटची गोळी रोज लागते आणि आयुष्यभर लागते. ती कोणत्याही पॅकेजात बसत नाही. मग होतं असं की महिन्याची गोळी परवडत नाही म्हणून माणूस ती दिवसाआड घेतो, एक दिवस पॅरालिसिसचा झटका येतो आणि मग कार्ड चालू होतं. दिवसाला काही रुपयांची गोळी वाचवली आणि पुढे हजारोंचं पॅकेज भरलं. ही काटकसर कोणत्या हिशोबात बसते ते तुम्हीच सांगा. पट्टीतल्या दहापैकी चारच गोळ्या कापून मागणारं गिऱ्हाईक मी रोज बघतो. सहा महिन्यांनी त्याचा मुलगा वॉर्डातली चिठ्ठी घेऊन येतो. चेहरा ओळखीचा वाटतो, विचारायची हिंमत होत नाही.

आणि 'हवं तिथे जावं' म्हणता, तर जायचं कुठे हे इथे भल्याभल्यांना कळत नाही. डागा रुग्णालय आरोग्य खात्याचं. मेयो आणि मेडिकल ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, ती वैद्यकीय शिक्षण खात्याची. सोमवारी पेठेतला कामगार दवाखाना विमा योजनेचा, मिहानमधलं एम्स केंद्राचं, गल्लीतला दवाखाना महापालिकेचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारनं उपचार मोफत केले, अगदी केसपेपरसुद्धा, पण ते आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात आली नाहीत. आता भंडाऱ्याहून, गोंदियाहून, गडचिरोलीहून ॲम्ब्युलन्समधून येणारा माणूस कुठे येतो? मेडिकललाच ना! 'साहेब तर म्हणे सगळं फुकट केलं' असं म्हणत तो माझ्या दुकानात उभा राहतो, आणि खात्याखात्यातला हा फरक मी त्याला समजावून सांगायचा असतो. जवळपास अर्ध्या विदर्भाचा आणि शेजारच्या मध्य प्रदेशाचा भार या शहरावर आहे.

औषधं नसतात ती का नसतात, हे आमच्या लाइनमधल्या माणसाला तुमच्यापेक्षा थोडं जास्त माहीत असेल. २०१७ मध्ये राज्याची औषधखरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे दिली. तिथे गाडी अडली म्हणून २०२३ मध्ये कायदा करून खरेदीसाठी वेगळं प्राधिकरण काढलं. पाटी बदलली. तामिळनाडूनं हेच काम १९९४ मध्ये महामंडळ काढून केलं : जिल्ह्याजिल्ह्यात गोदाम, प्रत्येक दवाखान्याला त्याच्या वाट्याचं पासबुक, आणि प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय एकही बॅच गोदामातून बाहेर नाही. त्या शेवटच्या अटीचं मोल आपल्याला कळायला हवं. २०२४ मध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांनी जे आरोपपत्र दाखल केलं, त्यात सरकारी दवाखान्यांना पुरवलेल्या बनावट अँटिबायोटिकमध्ये टाल्कम पावडर आणि स्टार्च होतं. अंगाला लावायची पावडर, साहेब, तापाच्या माणसाला गोळी म्हणून! आमदारांचे अभ्यासदौरे निघतात असं वाचतो. पुढचा चेन्नईला काढा, आणि समुद्रावर जायच्या आधी एक गोदाम बघून या.

साठा संपला की रुग्णालयाला स्थानिक खरेदी करता येते. मीही एकदा त्या नादी लागलो होतो. कोणत्या रुग्णालयाला माल दिला ते सांगत नाही. माल चार दिवसांत दिला आणि बिल निघायला अकरा महिने लागले. दर आठवड्याला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. एकदा कळलं, अनुदानच आलं नाही. एकदा कळलं, आलं होतं पण मार्च संपला म्हणून परत गेलं. माझा होलसेलर मात्र मला एकवीस दिवसांच्या वर उधारी देत नाही. त्यानंतर मी कानाला खडा लावला. माझ्यासारख्या चार जणांनी लावला की मग दवाखान्याला पुरवठा करायला कोण उरतं, आणि तो दर काय लावतो, याचा अंदाज तुम्हाला असेलच.

पैसा नाही, हे मात्र सांगू नका. याच शहरात, डिसेंबर २०२५ च्या अधिवेशनात, तुमच्या सभागृहात ७५ हजार २८६ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. अधिवेशन केवढं, सात दिवसांचं. त्याच्या सहा महिने आधी शक्तिपीठ महामार्गाच्या जमिनीसाठी मंत्रिमंडळानं २० हजार ७८७ कोटी मंजूर केले होते. रस्ता नको असं माझं म्हणणं नाही. समृद्धीनं मी स्वतः शिर्डीला जाऊन आलो, रस्ता झकास आहे. पण पंधराव्या वित्त आयोगानं सांगितलं होतं की राज्यांनी २०२२ पर्यंत आपल्या अर्थसंकल्पातला ८ टक्क्यांहून अधिक वाटा आरोग्याला द्यावा, आणि खर्चाचा दोन तृतीयांश भाग प्राथमिक सेवेवर असावा. महाराष्ट्र त्या आकड्याच्या बराच खाली आहे. देशात सर्वांत मोठी अर्थव्यवस्था आपली म्हणून आपण मिरवतो ना?

केंद्राकडचंही एक काम आहे. आयकर भरणाऱ्याच्या करावर ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर लागतो, २०१८ पासून. उपकर असल्यामुळे त्यात राज्यांना वाटा मिळत नाही. नाव आरोग्याचं, दवाखाने चालवायचे राज्यानं, आणि पैसा दिल्लीत. करदात्याची एवढी कळकळ आहे तर यावर एकदा सभागृहात बोला. पहिल्या रांगेत येऊन टाळ्या वाजवीन.

उधळपट्टीचं म्हणाल तर त्यात मी तुमच्याबरोबरच आहे, पण सुरुवात घरापासून करू. तुमचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. नियमानं त्यातून औषधं घेता येत नाहीत हे मला माहीत आहे. पण रुग्णालयातला औषधसाठ्याचा फ्रिज येतो, नातेवाइकांना रात्री टेकायला शेड येते, पाण्याचं मशीन येतं. आमच्या गल्लीत गट्टू, म्हणजे सिमेंटचे ब्लॉक, तीनदा बसवले आहेत. दुसऱ्यांदा बसवले तेव्हा पहिले चांगले होते. आणि ज्या रस्त्याचं भूमिपूजन तुम्ही केलं तो झाला की माझ्या शेजाऱ्याचं घर रस्त्यापेक्षा वीतभर खाली जाणार आहे. सप्टेंबर २०२३ चा पूर आठवून तो आत्ताच उंबरठ्यावर विटा रचून राहिला.

माझी मागणी लहान आहे. येत्या अधिवेशनात तीन प्रश्न विचारा. आपल्या शहरातल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात अत्यावश्यक यादीतली किती औषधं आज शिल्लक आहेत, आणि ती संख्या रोज दारावरच्या फळ्यावर लिहायला हरकत कोणाची? गेल्या वर्षी औषधांसाठी आलेल्या पैशातला किती परत गेला? आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना मोफत उपचारांच्या बाहेर का ठेवलं? उत्तरं छापील मिळतात. मला एक प्रत पाठवा.

आणि त्याआधी एकदा दुकानात या. कोणत्याही सोमवारी, अकरा ते एक. रविवारची तुंबलेली गर्दी सोमवारी बाहेर पडते. काउंटरच्या आत माझ्या शेजारी स्टूल टाकतो, दोन तास चिठ्ठ्या वाचा. तर्री पोहे माझ्याकडून. फक्त एक विनंती : कार्यकर्ते आणि फोटोवाला बाहेर ठेवा. काउंटरसमोर उभं राहायला जेमतेम सहा माणसांची जागा आहे, आणि ती सोमवारी लागते.

आपला,
तुमच्याच मतदारसंघातला एक औषध दुकानदार
नागपूर