जुने पिकअप उभे करताना रंग शेवटी, ब्रेक आधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या जीप आणि पिकअप गाड्या पुन्हा उभ्या करण्याची हौस कोल्हापुरात वाढते आहे, याचा आनंद आहे. मात्र हे काम ज्या क्रमाने केले जाते त्याची काळजी वाटते, म्हणून हे पत्र. शेडमध्ये पडून असलेली गाडी ओढून आणली की आधी रंग ठरतो, मग रुंद टायर, मग डिझेल इंजिन. ब्रेक मात्र साठ वर्षांपूर्वीचेच राहतात. अशी गाडी रंकाळ्यावर फोटोला उभी करायला ठीक आहे. गगनबावड्यापुढे करूळ घाट उतरताना तिच्यात बसलेल्यांचा जीव टांगणीला लागतो.

आपल्या भागात सापडणारी जुनी पिकअप बहुतेक महिंद्राची एफसी-१५० किंवा जीपच्या चासीवर (सांगाड्यावर) मागे हौदा बांधलेली गाडी असते. पेट्रोल इंजिन मूळचे असेल तर ते २,१९९ सीसीचे, चार सिलिंडरचे, ‘हरिकेन’ नावाने ओळखले जाणारे. पुढचा मजकूर प्रामुख्याने या गाड्यांना धरून आहे.

पाना हातात घेण्याआधी कागद बघावेत. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, फेरनोंदणीला ५ हजार, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. ही गाडी धंद्यासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते, त्यामुळे रोज वापरायची असेल तर नेहमीची नोंदणीच चालू ठेवलेली बरी. सर्वांत महत्त्वाची अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत फेरबदल झालेला नसावा. विंटेज नोंदणी नको असली तरी मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहेच. आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि कंपनीच्या मूळ रचनेला सोडून केलेले बदल चालणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

म्हणजे सुधारणा कुठे करायची हे नियमांनीच सांगून ठेवले आहे. चासी, बॉडी, इंजिन जसेच्या तसे राखावे. ब्रेक, वायरिंग, इंधनाचे पाइप आणि दिवे यांवर पैसा घालावा, तोही मूळ भाग जपून ठेवून, म्हणजे उद्या कोणाला परत बसवावेसे वाटले तर बसवता येतील. डिझेल इंजिन टाकल्याने गाडी सुधारते हा समज सोडावा. जास्त वजन पुढच्या पाट्यांवर (स्प्रिंगांवर) येते, जास्त टॉर्क जुन्या गिअरबॉक्सच्या दात्यांवर येतो, आणि थांबवायला ब्रेक तेच.

गंज काढायला चासी सँडब्लास्टिंगला पाठवत असाल तर त्याआधी चासी नंबरावर पेन्सिलने ट्रेसिंग घ्यावे, फोटो काढावा आणि नंबरावर जाड टेप किंवा पत्र्याचा तुकडा बांधावा. वाळूच्या माऱ्याने नंबर पुसट झाला तर तपासणीच्या वेळी तो तुम्ही खोडला नाही हे पटवून देताना नाकी नऊ येतात.

चासी तपासायला छोटी हातोडी पुरते. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत, बद्द आवाज आला तर आतून खाल्लेला. पाट्यांचे हँगर, शॅकलच्या पिना आणि हौद्याच्या आडव्या पट्ट्या जिथे चासीला मिळतात तिथे चिखल साठतो आणि गंज आतून सुरू होतो. चासीला पट्टी मारायची तर ३ मिलिमीटरची, आणि तिची टोके तिरकी कापलेली हवीत. उभ्या सरळ रेषेत वेल्डिंग केले की पुढची भेग त्याच रेषेशेजारी जाते. केबिनच्या तळाला १८ गेजचा सीआरसी (थंड लाटलेला) पत्रा घ्यावा आणि वेल्डिंग सलग न ओढता इंच-इंच, जागा बदलत टाकावे, नाहीतर पत्रा ताणून पोटासारखा फुगतो. पेट्रोलच्या टाकीला मात्र घरी कधीच वेल्डिंग लावू नये. वर्षानुवर्षे रिकामी पडलेल्या टाकीतही वाफ असते, आणि स्फोट व्हायला तेवढी पुरते.

सुट्या लोखंडी भागांचा गंज काढायला आपल्या जिल्ह्यात एक स्वस्त उपाय आहे: उसाची मळी. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लॅस्टिकच्या पिंपात भाग बुडवून दोन ते तीन आठवडे ठेवायचे. ग्रीस आणि रंग आधी काढावा, कारण त्याखाली मळी पोचत नाही. बाहेर काढल्यावर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावे, लगेच वाळवावे आणि त्याच दिवशी प्रायमर मारावा. राखाडी, स्वच्छ लोखंड काही तासांत पुन्हा तांबूस व्हायला लागते. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे ओतकाम, म्हणजे कार्बोरेटरची बॉडी वगैरे, या पिंपात कधीही टाकू नये, मळी ते खाते. वास फार येतो, त्यामुळे पिंप घरापासून लांब ठेवावे. मळीच्या साठ्यावर राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण असते, तेव्हा पिंपभर आणण्याआधी चौकशी करावी.

आता ब्रेक. या गाड्यांत एकाच मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल पाइपांत ढकलणाऱ्या सिलिंडरवर) चारही चाके असतात. एका चाकाचा रबरी पाइप फुटला की पेडल फळीला टेकते आणि चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून पहिली सुधारणा टँडम मास्टर सिलिंडरची, ज्यात पुढची आणि मागची चाके वेगळ्या सर्किटवर येतात. तो निवडताना बोअर (आतला व्यास) मूळ सिलिंडरइतकाच ठेवावा. मोठा घेतला तर पेडल दगडासारखे कडक होते, लहान घेतला तर पेडल खोल जाते. पुढे डिस्क, मागे ड्रम अशा गाडीचा मास्टर सिलिंडर चारही ड्रम असलेल्या गाडीला बसवला की हमखास तक्रार येते: पहिल्यांदा पेडल खाली जाते, दुसऱ्यांदा दाबल्यावर ब्रेक लागतो. कारण ड्रमच्या लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह लागतो आणि डिस्कच्या बाजूला तो नसतो. दाब शून्यावर आला की व्हील सिलिंडरचे रबरी कप सैल पडतात आणि हवा आत शिरते. मेस्त्री मग दिवसभर हवा काढत बसतात आणि दोष मात्र तिथेच राहतो.

दुसरी गोष्ट पुशरॉडची, म्हणजे पेडलवरून पिस्टनला ढकलणाऱ्या दांड्याची. पेडल पूर्ण सोडल्यावर पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात बारीक फट असलीच पाहिजे, पेडलवर ती साधारण १२ मिलिमीटर मोकळी चाल म्हणून जाणवते. फट नसेल तर ऑइल परत जाण्याचे छिद्र झाकलेले राहते, ऑइल तापून फुगते आणि सात-आठ किलोमीटरनंतर ब्रेक आपोआप धरायला लागतात. ड्रम गरम, गाडी ओढत नाही, आणि लोक इंजिनला दोष देतात. ड्रम लेथवर फिरवताना व्यासातून दीड मिलिमीटरपेक्षा जास्त काढू नये, पातळ ड्रम तापला की पसरतो आणि पेडल खोल जाते. ब्रेकचे पाइप तांब्याचे करू नयेत. हादऱ्यांनी तांबे कडक होऊन चिरते. स्टीलचा पाइप, डबल फ्लेअर (दुहेरी दुमडलेले तोंड), आणि चासीला फूट-फूट अंतरावर क्लिप. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी, आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचे डावे.

इंजिनाच्या कामात उद्यमनगरला तोड नाही. बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग सगळे एका गल्लीत होते. पण हरिकेनची रचना नेहमीची नाही. इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. हेडचा एक बोल्ट कार्बोरेटरच्या खाली, इनटेकच्या भोकात दडलेला असतो. कार्बोरेटर काढून आत टॉर्च मारल्याशिवाय तो दिसत नाही. बाकीचे बोल्ट काढून हेड निघत नाही म्हणून पहारीने उचकटले जाते आणि चांगले हेड चिरते. बसवताना हा बोल्टही ६० ते ७० पाउंड-फूट टॉर्कलाच हवा. थंड इंजिनवर टॅपेटची फट इनलेटला १८ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्टला १६ थाउ. इनलेटची वरून रॉकरवर, एक्झॉस्टची ब्लॉकच्या बाजूचे झाकण काढून. डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटची फट २० थाउ, प्लगची ३० थाउ, सिलिंडरांचा फायरिंग क्रम १-३-४-२. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडे सवय आहे, ती सोडावी. त्याने इंजिन थंड राहते, पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आणि काळा गाळ साठतो. रेडिएटर साफ करणे हाच खरा उपाय. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ प्रतीचे ९० नंबरचे ऑइल घालावे. जीएल-५ मधली गंधकयुक्त रसायने पितळी रिंगांना खाऊ शकतात.

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ज्या उसावर आपला जिल्हा उभा आहे त्याचाच हा जोडधंदा, त्यामुळे त्याला विरोध करण्याचा प्रश्न नाही, गाडीला त्यासाठी तयार करावे लागते. जुना रबरी पाइप, फ्युएल पंपाचा डायफ्रॅम आणि कॉर्कची गॅस्केट इथेनॉलने फुगतात, मऊ होतात आणि सुटतात. हे सगळे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्यावे. टाकीत जुना गंज असेल तर इथेनॉल तो सैल करते आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये नेऊन बसवते, म्हणून पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावावा आणि पहिल्या महिन्यात दोनदा तरी बदलावा. पेट्रोल-हवेचे मिश्रण थोडे पातळ होते, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी पडते. प्लग पांढरेफटक दिसले आणि चढावर गाडी धापा टाकू लागली तर मेन जेट एक नंबर मोठा करावा. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करून ठेवावे. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, ते तळाला बसते आणि टाकी खालून सडते.

न मिळणाऱ्या भागांसाठी कोल्हापूरसारखे गाव नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत बिडाचे (कास्ट आयर्नचे) ओतकाम होते. मात्र जुना भागच पॅटर्न (साचा करण्याचा नमुना) म्हणून दिला तर नवा भाग लहान येतो, कारण बीड थंड होताना मीटरला सुमारे १० मिलिमीटर आकसते. शिवाय मशिनिंगसाठी दोन-तीन मिलिमीटर माया सोडावी लागते. त्यामुळे पॅटर्न वेगळा करून घ्यावा, आणि एकट्याने खर्च न करता त्याच मॉडेलच्या चार-पाच मालकांनी मिळून करावा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, पंपाची बॉडी, ब्रॅकेट अशा गोष्टी खुशाल ओतून घ्याव्यात. ब्रेक ड्रम आणि स्टिअरिंगचे भाग मात्र घरगुती ओतकामातून नकोत. चिरलेला मॅनिफोल्ड निकेल रॉडने जोडता येतो, पण आधी पूर्ण तापवून आणि नंतर राखेत किंवा कोरड्या वाळूत पुरून सावकाश थंड करूनच. वाऱ्यावर ठेवला तर शेजारीच नवी चीर जाते.

वायरिंगबाबत एवढेच: जुन्या स्विचमधून हेडलाइटचा प्रवाह थेट नेऊ नये. ६०/५५ वॅटच्या दोन दिव्यांना मिळून ९ ते १० अँपिअर लागतात आणि जुना स्विच त्याने जळतो. रिले आणि फ्यूज घालून २.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकावी. चासी नवीन रंगवली असेल तर अर्थिंगच्या जागी रंग खरवडायला विसरू नये.

रंग सगळ्यात शेवटी, आणि जून ते सप्टेंबर या काळात नाहीच. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दव धरते, रंग दुधाळ होतो आणि वर्षभरात फोड येतात. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर पुट्टी, मग सरफेसर, मग पीयू (पॉलियुरेथेन) रंग. रेड ऑक्साइडवर जाड पुट्टी थापली की ती थरासकट सुटते. पीयूच्या हार्डनरमधला आयसोसायनेट फुप्फुसाला घातक असतो, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

शेवटी दोन विनंत्या. प्रादेशिक परिवहन कार्यालयाने विंटेज नोंदणीच्या अर्जांसाठी महिन्यातला एक ठरावीक दिवस ठेवावा. त्या दिवशी चासी नंबरासोबत ब्रेकचे पाइप, मास्टर सिलिंडर आणि स्टिअरिंगचे जोड निरीक्षकांनी गाडीखाली जाऊन पाहावेत. आणि जिल्ह्यातील आयटीआयच्या मेकॅनिक, फिटर व मशिनिस्ट शाखांनी अशी एखादी गाडी प्रात्यक्षिकासाठी घ्यावी. पॉइंटची फट फीलर गेजने लावणे, बुश रीम करणे, ड्रम फिरवणे हे हाताने येणारे मेस्त्री उद्यमनगरात आज आहेत. त्यांच्याकडून हे शिकून घेणारी मुले आत्ताच त्यांच्या शेजारी उभी राहायला हवीत.

आपले,
जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीचा छंद असलेले काही वाचक,
कोल्हापूर