यंदा चवथीला येत नाही

ती. आई-बाबांस सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई नुसती गप्प झाली असती, म्हणून लिहितेय. यंदा चवथीला मी येत नाही. अहमदाबादचं तिकीट काढलंय. एवढी सलग सुट्टी पुन्हा मिळणार नाही, खरंच.

आर्किटेक्चरच्या कॉलेजात मी वाचनालय डिझाइन करतेय, त्याच्या पहिल्या रिव्ह्यूला केस स्टडी म्हणून मी आठ इमारतींचे फोटो लावले होते. सरांनी एवढंच विचारलं, "यातून तू घेतलंस काय?" तोंडच उघडेना. आता तीनच ठेवल्यात, तिन्हींचे प्लॅन-सेक्शन, म्हणजे आडवे-उभे छेद, एकाच स्केलवर. पणजीची कला अकादमी पायाखालची झालीय. दुसरं अहमदाबादचं, साबरमती आश्रमातलं गांधी संग्रहालय, तेही आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचंच, 1963चं. सहा बाय सहा मीटरचे कौलारू चौक, काही बंद, काही उघडे. काच नाही, लाकडी झडपा. छपरांमधली काँक्रीटची तुळईच पन्हळ होऊन पाणी वाहून नेते. माझं वाचनालयही असंच थोडं थोडं वाढणारं हवं. पण तिथे पाऊस वर्षाला साधारण 800 मिलिमीटर, आपल्याकडे 3000च्या घरात. ती पन्हळ आपल्या आषाढात पुरेल? तिरकी सर झडपांतून पुस्तकांवर येईल? तिथे उभं राहून, मापं घेऊनच कळेल. फोटो सगळे उन्हातले असतात.

तिसरं आपलं राजांगण, घरामधला तो उघडा चौक. बाबा, मे महिन्यात टेपचं दुसरं टोक धरून "हा कसला अभ्यास" म्हणत होतात ना, तोच! सर सगळ्यात जास्त त्याच शीटपाशी थांबले. तापात आई मला तिथल्या सोप्यावर निजवायची, तुळशीवर पडणारा पाऊस बघत मी झोपायचे. ते मात्र सेक्शनमध्ये काढता आलं नाही.

माझ्या जेवणाची काळजी नको, मैत्रिणीकडेच उतरतेय. डाळ गोड असेल, एवढंच.

गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला दिनूला सांगितलंय. बाबा, तुम्ही स्टुलावर चढायचं नाही. आई, औषधाचे थेंब चुकवायचे नाहीत, आणि नेवऱ्या काकी तळेल. तू फक्त भरायच्या. माझ्या चार डब्यात ठेव.

आणि राजांगणावर घालायच्या त्या प्लॅस्टिकच्या शीटचं. शेवाळावरून आई घसरेल ही तुमची भीती खोटी नाही, मलाही आहे. पण पुढच्या रविवारी मी येते, कडेने खरखरीत लाद्या घालू. तोवर शीटवाल्याला आगाऊ पैसे देऊ नका.

तुमची,
बाय