लाल गाडीबद्दल, मुक्तास

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू दार आपटून खोलीत गेलीस, त्याआधी मी जे बोललो त्यातले निम्मे मला बोलायचेच नव्हते. त्या लाल गाडीला मी नकार दिला तो तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे.

तू आत बसून गिअर टाकून पाहत होतीस, तेव्हा मी मोबाईलच्या उजेडात मागच्या टायरवरचा आकडा वाचत होतो. तो होता २३१४, म्हणजे तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी खोल होती, पण रबराला केसासारख्या भेगा पडल्या होत्या आणि मला ओला रस्ता दिसू लागला. टायर बदलता येतील, हे तुझे म्हणणे खरे. परंतु त्या गाडीत ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) नाही आणि ते मागाहून बसवून घेण्याची सोय नसते. गाडी घसरू लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून तिला वळवलेल्या दिशेला आणू पाहते. एबीएस चाके जाम होऊ देत नाही, पण आडवी घसरणारी गाडी सावरणे हे त्याचे काम नव्हे. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायचे अंतर चौपट होते, आणि ओल्या रस्त्यावर तर... पुन्हा व्याख्यान सुरू झाले, क्षमा कर.

दादाकाकांच्या गुडघ्याची गोष्ट तुला ठाऊक आहे. ती गाडी मी चालवत होतो, एवढे मात्र तुला कोणी सांगितलेले नाही. पहिला पाऊस, उतारावरचे वळण. मी ब्रेक दाबला, चाके जाम झाली आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवूनही गाडी सरळच जात राहिली. सगळे थांबल्यावरही वायपर चालूच होते.

परवा चढावर तू हॅंडब्रेक सोडून गाडी तसूभरही मागे जाऊ न देता पुढे काढलीस, तेव्हा मी खिडकीबाहेर पाहण्याचे ढोंग केले. तुझ्या वयात मला ते साधत नव्हते.

ती राखाडी गाडी तुला म्हातारी वाटते, हे मान्य. पण इंजिन बेताचे, बांधा भरीव, सहा एअरबॅग आणि ईएससी आहे. शनिवारी पुन्हा पाहायला जाऊ. तू चालव, मी मागे बसेन आणि बोलणार नाही. पाऊस असला, तर रविवारी जाऊ.

तुझा,
बाबा